सहा खांदे

"उचला," मुकादम म्हणाले, आणि चर्चच्या मागच्या खोलीतला लांब बाक पाच म्हाताऱ्यांच्या हातांनी जमिनीवरून सुटला. खांद्यापर्यंत आला आणि तिथेच त्याचं डावीकडचं पुढचं टोक खाली झुकलं. वजनासाठी बाकावर ठेवलेली वाळूची पोती घसरली, कंपाउंडर ओरडले, धाकटे उडी मारून बाजूला व्हायला गेले, पण उडी काही त्यांना जमली नाही, आणि बाक दणकन फरशीवर आला.

"पुढचं डावं कोणी धरलं होतं?" मुकादमांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पुढचं डावं कोणीच धरलं नव्हतं. जो तो आपापल्या नेहमीच्या जागेवर उभा राहिला होता. वर्षानुवर्षं शवपेटी उचलताना जिथे उभा राहायचा तिथे. पुढची डावी जागा घड्याळजींची. आणि घड्याळजी परवा वारले होते. सोमवारी त्यांचीच पेटी उचलायची होती आणि तिचीच ही तालीम चालली होती.

"सवय हो, दुसरं काय," धाकटे म्हणाले. "मी तर आत्ता त्यांना 'सांभाळून' म्हणणार होतो."

धाकटे हे नाव त्यांना लहानपणी थोरल्या भावामुळे पडलं होतं. थोरल्याला माती देऊनही जमाना झाला, धाकट्यांची सत्तरी उलटली, तरी मंडळीत ते धाकटेच राहिले. आणि खरं सांगायचं तर खांदेकऱ्यांमध्ये अजूनही तेच सगळ्यांत तरुण होते.

आवाज ऐकून पाळकबाई धावत आल्या. हेल्मेट अजून हातातच होतं. त्यांच्याकडे तीन चर्च होती, त्यामुळे त्या सदान्‌कदा कुठून तरी येत असायच्या किंवा कुठे तरी निघालेल्या असायच्या.

"काय पडलं?"

"घड्याळजी पडले," धाकटे म्हणाले. मुकादमांनी असं काही बघितलं, की ते पुढे बोललेच नाहीत.

पाळकबाईंनी हसू आवरलं आणि वाळूकडे, बाकाकडे, मग एकेका म्हाताऱ्याकडे पाहिलं. "काका, रागावू नका, पण ट्रॉली आणू या ना. अंत्यविधीवाल्यांकडे चांगली रबरी चाकांची असते. माझ्या दुसऱ्या दोन्ही चर्चमध्ये आता तीच वापरतात."

"आपल्या वाटेला पायऱ्या आहेत."

"पायऱ्यांवर त्यांची माणसं उचलतील."

"म्हणजे भाड्याची माणसं," मुकादम म्हणाले.

पाळकबाईंनी हात टेकले. "बघा बुवा. पण तुमचं ऑपरेशन झालंय, हे मला तुमच्या मिसेसनी सांगितलंय, एवढं लक्षात ठेवा."

मुकादमांची उभी हयात गोदामात गेली होती. पोती, खोकी, यंत्रांचे सुटे भाग, एकदा तर एक आख्खा पियानो; कोणी कुठे उभं राहायचं, कोणत्या पायाने निघायचं, हे ते सांगायचे आणि हमाल निमूट ऐकायचे. त्यामुळे चर्चमध्येही खांदेकऱ्यांचं पुढारपण आपसूक त्यांच्याकडे आलं. या चर्चची जुनी रीत होती. माणूस गेला की त्याची पेटी वेदीपासून मागच्या टेकाडावरच्या दफनभूमीपर्यंत मंडळीतल्याच सहा जणांनी खांद्यावरून न्यायची. एक शब्द न बोलता. पूर्वी त्यासाठी पोरांची भांडणं व्हायची. माझा नंबर कधी, म्हणून. सहा-सहा जणांच्या दोन जोड्या तयार असायच्या, एक थकली की दुसरी.

आता ती पोरं दूरच्या शहरांत होती. कोणी मॉलशेजारच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या चर्चला जात होती, जिथे रंगीत दिवे असतात आणि गिटार असते. कोणी घरी चहा पीत पीत मोबाईलवर उपासना बघत होती. मुकादमांचा स्वतःचा मुलगा या शेवटच्या जातीतला. काल फोनवर त्याने सांगितलं होतं, "बाबा, अंत्यविधी लाइव्ह दाखवणार असाल तर लिंक पाठवा. मी नक्की बघीन." मुकादम "बरं" म्हणाले होते. लिंकला खांदा असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं होतं, पण ते बोलले नाहीत.

संध्याकाळी ते घड्याळजींच्या घरी गेले. घड्याळजींची बायको खिडकीशी बसली होती. रडून झालं होतं. आता ती कामाचं बोलण्याच्या तयारीत होती.

"भावोजी, चाकांवर न्यायचं नाही," ती म्हणाली. "त्यांनी सांगून ठेवलंय मला. 'मी एवढ्यांना खांदा दिला, मला कोणी ढकलत नेऊ नका,' असं म्हणाले होते. हॉस्पिटलातसुद्धा व्हीलचेअरवर बसायला तयार नव्हते हो."

"नाही नेणार वहिनी."

"आणि परक्या माणसांनी नको."

"माझा शब्द आहे," मुकादम म्हणाले.

बोलून गेले खरे, पण जिना उतरता उतरता ते माणसं मोजायला लागले. पाच जण. त्यात कंपाउंडरांना बायपास, ऑर्गनवाल्यांचा गुडघा बदललेला, टेलिफोनवाल्यांना एका डोळ्याने दिसत नाही. धाकटे हाडापेराने बरे, पण त्यांच्या अंगावर मांस म्हणून नाही. आणि मुकादमांना स्वतःला डॉक्टरांनी बजावलं होतं, की भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. घड्याळजींना मातीत सरळ पोचवणं एवढंच आता त्यांच्यासाठी करता येण्याजोगं राहिलं होतं आणि तेही आपल्याच्याने होणार नाही, या विचाराने त्यांना वाटेत एका दुकानाच्या पायरीवर टेकावं लागलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, शब्द दिलात ते ठीक. खांदे कोणाचे दिलेत?"

मुकादमांनी चपला काढून कोपऱ्यात सारल्या.

"दुपारच्यांना विचारा की."

"कोणाला?"

"दुपारच्यांना! चांगली धडधाकट पोरं आहेत. परवा शेजारचा फ्रिज जिन्यावरून वर नेला त्यांनी. हसत, गाणी म्हणत. मी इथून बघत होते."

दुपारची मंडळी म्हणजे परमुलखातून कामासाठी आलेले लोक. कोणी बेकरीत, कोणी हॉस्पिटलात, कोणी बांधकामावर. काही वर्षांपूर्वी त्यांनी रविवारी दुपारी चर्च वापरायला मागितलं आणि पंचांनी दिलं, कारण इमारत सांभाळायला हातभार लागला असता. सकाळी जिथे म्हातारे आपापल्या वाडवडिलांच्या बाकांवर लांब लांब विखरून बसायचे, तिथे दुपारी बसायला जागा पुरायची नाही. ढोल असायचे, टाळ्या असायच्या, लहान मुलं बाकांखालून पळायची. सगळ्यांत जास्त विरोध घड्याळजींचा. उपासना ठरल्या वेळेत कधी संपतच नाही, हे त्यांचं मुख्य दुखणं. दर रविवारी संध्याकाळी ते चर्चच्या दारात उभे राहायचे, मनगट वर करायचे आणि घड्याळाच्या काचेवर बोटाने टकटक करायचे. एकदा तर त्यांनी पंख्यांचं मेन बटण बंद केलं होतं. तरी आतलं गाणं थांबलं नव्हतं, ते वेगळं.

"त्या माणसांनी घड्याळजींना उचलायचं?" मुकादम म्हणाले. "उठून बसतील ते पेटीत."

"बसू देत. तेवढंच बरं," बायको म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

रविवारी सकाळच्या उपासनेनंतर मुकादमांनी खांदेकऱ्यांपुढे विषय काढला. कंपाउंडरांच्या कपाळाला लगेच आठ्या पडल्या.

"भलतंच काय! जन्मभर त्या लोकांशी भांडला तो माणूस."

"जन्मभर कुठे, पाच-सहा वर्षं," धाकटे म्हणाले.

"तू मध्ये बोलू नकोस. मुकादम, आज खांदा मागाल, उद्या ते पंचांत जागा मागतील. परवा म्हणतील सकाळची वेळ आम्हाला द्या. आपण कुठे जायचं मग?"

"आपण टेकाडावर जायचं. तिकडेच चाललोय एकेक," मुकादम म्हणाले.

"थट्टा सोडा. पेटी मंडळीनंच उचलायची, ही रीत आहे आपली. तुम्हीच आम्हाला शिकवलीत."

"शिकवली. मग मंडळी म्हणजे कोण ते सांगा कंपाउंडर. आपण पाच?"

मुकादमांचा आवाज चढला होता. चर्चमध्ये त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे ते स्वतःच दचकले. त्यांना राग आला होता आणि तो कंपाउंडरांचा नव्हता. रिकाम्या बाकांचा होता, लिंक मागणाऱ्या मुलाचा होता, आणि ऐन वेळी दगा देणाऱ्या आपल्या पोटाच्या टाक्यांचा होता.

कंपाउंडरांनी बाकीच्या चौघांकडे एकेक करून पाहिलं. मग म्हणाले, "वहिनींना आधी विचारा. त्या हो म्हणाल्या तर माझं काही नाही."

पण मुकादम आधी दुपारच्यांकडे गेले, कारण तिकडून नकार आला तर वहिनींना विचारण्यातही अर्थ नव्हता. इतक्या वर्षांत ते दुपारच्या उपासनेला कधी बसले नव्हते. सवयीने आपल्या बाकाकडे वळले तर तिथे एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसलेली. ती सरकली, दुसरी दोघं सरकली, आणि मुकादम मधे चेपून बसले. बाळाने त्यांची बाही धरली ती गाणं संपेपर्यंत सोडली नाही. भाषा समजत नव्हती. प्रवचन कधी संपलं आणि प्रार्थना कधी सुरू झाली तेही कळलं नाही. उपासना लांबली, चांगलीच लांबली. मुकादमांनी दोनदा दाराकडे पाहिलं. दारात कोणी उभं नव्हतं.

शेवटी बेकरीवाला त्यांच्याजवळ आला. दुपारच्यांचं सगळं तोच बघायचा. उंचापुरा, दंडांवर भट्टीच्या भाजल्याच्या खुणा. भाषा शिकून घेतली होती त्याने, जरा अडखळत बोलायचा.

"काका, तुम्ही इकडे? लाइटचं काही आहे का? आम्ही बंद करूनच जातो."

"लाइटचं नाही रे." मुकादमांना सुरुवात सुचेना. जन्मभर त्यांनी माणसांना उचला म्हणून सांगितलं होतं. उचलाल का, असं विचारायची वेळ आली नव्हती. "आमचे घड्याळजी गेले."

"घड्याळजी? ते दारातले आजोबा?" बेकरीवाल्याने मनगट वर करून त्यावर टकटक केलं. आजूबाजूची पोरं हसली, मग त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि हसू एकदम थांबलं. एका म्हातारीने तर तोंडावर पदर घेतला.

"ते कसे गेले?"

"झोपेत. आता त्यांची पेटी वर न्यायची आहे. उद्या. आमच्यात माणसं नाहीत." एवढं बोलून झाल्यावर पुढचं सोपं गेलं. "तुमची पोरं खांदा देतील का? त्यांनी तुम्हाला त्रास दिला, ते मला माहीत आहे. नाही म्हणालात तरी मी समजेन."

"काका, खांद्याला कोणी नाही म्हणतं का?" बेकरीवाल्याला खरोखरच नवल वाटलं होतं. "किती माणसं पाहिजेत? सहा? आम्ही वीस येऊ."

"सहा पुरेत."

"पण एक आहे. आम्ही गातो. नेताना गातो."

"आमच्यात एक शब्द बोलत नाहीत."

"आमच्यात गप्प नेलं तर लोकांना वाटतं, या माणसाचं कोणीच नव्हतं."

मुकादम बाकावरून उठले. वहिनींना विचारून सांगतो म्हणाले.

वहिनींना सांगताना त्यांनी काही हातचं राखलं नाही. कोण उचलणार, आपल्यातल्या कोणाकडून का होणार नाही, गाण्याचं काय, सगळं सांगितलं. आता परक्यांचा विषय निघणार, शब्दाची आठवण करून दिली जाणार, म्हणून ते खाली मान घालून बसले.

"ती पोरं काही परकी नाहीत," घड्याळजींची बायको म्हणाली.

मुकादमांनी मान वर केली.

"अहो भावोजी, रविवारी संध्याकाळी घरी आले की तेच बोलणं. आज केवढी गर्दी होती. त्या नर्सबाईचं बाळ चालायला लागलं. बेकरीवाल्याचा आवाज बसलाय, कोणीतरी त्याला गरम पाणी प्यायला सांगा. मी म्हणायचे, मग तुम्हीच सांगा की! तर म्हणायचे, छे, मी कशाला? वेळ संपायच्या पुष्कळ आधी जाऊन बाहेर उभे राहायचे." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "सकाळच्यांबद्दल बोलण्यासारखं काही नसायचं हो. कोण आजारी, कोण गेलं, एवढंच."

मुकादमांना घड्याळजींचा रागच आला. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून चालले आणि या गृहस्थाने एका शब्दाने कधी सांगितलं नाही.

"आणि गाण्याचं?"

"गाऊ देत. घर फार गप्प झालंय माझं. निदान वाटेवर तरी आवाज असू दे."

सोमवारी पोरं आली ती इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून. मुकादमांनी त्यांना ओळीत उभं केलं आणि उंचीप्रमाणे निवडलं. पाच त्यांची घेतली. सहावी जागा, पुढची डावी, त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती. बायकोला सांगितलं नव्हतं. डॉक्टर गेला खड्ड्यात, असं त्यांनी रात्रीच ठरवून टाकलं होतं. मित्राला खांदा द्यायचा नाही तर मग ही हाडं सांभाळून करायचं काय?

पाळकबाईंची प्रार्थना झाली. मुकादमांनी हलकेच "उचला" म्हटलं. पेटी वर गेली, पोरांच्या खांद्यांवर बसली, आणि मुकादमांच्या खांद्याला टेकलीच नाही. पोरं उंच होती. पेटीचं बूड आणि त्यांचा खांदा यांत वीतभर मोकळी हवा होती. त्यांनी चवडे उंचावले. तरी पुरेना. हाताने वर रेटून धरलं, तेव्हा त्यांच्या मागच्या पोराचा चेहरा लाल झाला, कारण त्यांचा भार त्याच्यावर येत होता.

गोदामात अशी माणसं त्यांनी खूप पाहिली होती. ओझ्याला नुसता हात लावून बरोबर चालणारी. अशांना ते सगळ्यांदेखत बाजूला काढायचे. तो कितीही जुना असो, घरचा असो, दया दाखवायचे नाहीत. कोणाचा तरी पाय मोडण्यापेक्षा ते बरं.

"ठेवा खाली," ते म्हणाले. पेटी खाली आली. सगळं चर्च बघत होतं. पहिल्या बाकावरून त्यांची बायको बघत होती आणि तिला एव्हाना सगळं कळलं होतं. "एक माणूस बदलायचा आहे," मुकादम गोदामातल्या आवाजात म्हणाले. "तू ये. हो, तूच, उंच. इथे उभा राहा. उजवा खांदा." त्या पोराला जागेवर उभं करून त्यांनी त्याचा खांदा दाबून सरळ केला आणि बाजूला झाले. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"उचला."

या वेळी पेटी सपाट वर गेली. दाराबाहेर पडता पडता बेकरीवाल्याने गाणं धरलं आणि मागून सगळ्या दुपारच्या मंडळीने उचललं. वीस येऊ म्हणाला होता, पण त्याहून कितीतरी जास्त आले होते. चाल संथ होती, पोरं तिच्या तालावर किंचित डुलत चालत होती. सुरुवातीला मुकादमांना ते खुपलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की सहाही जणांची पावलं एकदम पडताहेत. इतकं नीट त्यांच्या स्वतःच्या जोडीलाही कधी जमलं नव्हतं.

ते पेटीच्या बाजूने चालत होते. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. पायऱ्या लागल्या तेव्हा त्यांनी एक हात वर करून तळवा पेटीच्या लाकडावर टेकला. भार काहीच नव्हता. जरा वेळाने पलीकडून आणखी एक हात आला, म्हाताऱ्या शिरांचा. तो कंपाउंडरांचा होता. मग धाकट्यांचा, चवडे उंचावून. ऑर्गनवाले आणि टेलिफोनवाले मागून धापा टाकत आले आणि त्यांनीही हात टेकवले. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. गाण्याचे शब्द त्यांच्यापैकी एकालाही येत नव्हते, पण टेकाडाच्या मध्यावर धाकटे सूर धरून गुणगुणायला लागले आणि कंपाउंडरांनी त्यांना गप्प केलं नाही.

वर खड्डा तयार होता. काठाशी पोचल्यावर पोरं थांबली आणि गाणंही थांबलं. बेकरीवाल्याने खांद्यावरच्या पेटीखालून मान वळवली.

"काका, ठेवू?" त्याने विचारलं.

मुकादमांनी जन्मभर 'ठेवा' म्हटलं होतं; आज म्हटलं की घड्याळजी कायमचे खाली जाणार होते. तळवा लाकडावरून निघेना. सहाही जण घामाने भिजले होते. एकानेही खांदा बदलला नाही, एकानेही घाई केली नाही. ते तसेच सरळ उभे राहिले, आणि त्यांच्या मागे सगळी मंडळी मुकादमांच्या तोंडाकडे बघत, ते काय सांगतात याची वाट पाहत राहिली.